डायलिसिस लागायच्या आधीच किडनी प्रत्यारोपण: गावाकडच्या माणसानं सुरुवात कुठून करायची?

मी माझ्या धाकट्या भावाला किडनी दिली आणि त्याला एकदाही डायलिसिसवर जावं लागलं नाही. हे कळलं की आमच्या यवतमाळकडचे लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "असं होते काय?" आणि दुसरा, "मंग आमाले कोनं सांगतलं काहून नाही?"

पहिल्याचं उत्तर असं की होतं, आणि ज्याला जिवंत दाता मिळू शकतो त्याच्यासाठी डॉक्टर हाच सगळ्यात चांगला मार्ग मानतात. दुसऱ्याचं उत्तर थोडं कडू आहे. आपल्याकडे 'किडनी खराब झाली' हे कळतं तेच पेशंट दम लागून, अंगावर सूज घेऊन कॅज्युअल्टीत पोहोचतो तेव्हा. तिथं मानेत नळी घालून डायलिसिस सुरू होतं, आणि किडनी बदलण्याची गोष्ट वर्षभरानं निघते. ज्यांना आधी कळलेलं असतं त्यांनाही "डायलिसिस लागलं की पाहू" असंच सांगितलं जातं. खरं तर दात्याच्या तपासण्या, कागदपत्रं आणि पैशाची सोय यांत सहज सहा महिने ते वर्ष जातं, म्हणून हे 'पाहू' आधीच करावं लागतं.

मी डॉक्टर नाही. औषधाचं आणि ऑपरेशनचं तुमचे डॉक्टर ठरवतील. त्यांना कधी आणि काय विचारायचं, तहसीलमधून काय आणायचं, कुठं अडकायला होतं, एवढं मी सांगते.

१. क्रिएटिनिन पाहून थांबू नका, ईजीएफआर विचारा

गावात सगळे क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीनं गाळायच्या रक्तातल्या कचऱ्याचा, आकडा सांगतात. "त्याचं सहा होतं, तरी तो शेतात जात होता." हा आकडा एकट्यानं फसवतो. क्रिएटिनिन ४ असलेल्या ५० वर्षांच्या पुरुषाची किडनी साधारण १७ टक्के चालत असेल, तर तेवढंच क्रिएटिनिन असलेल्या ४५ वर्षांच्या बाईची १३-१४ टक्केच. वय आणि पुरुष की बाई हे धरून जो आकडा निघतो तो ईजीएफआर. ढोबळपणे त्याला किडनीच्या कामाचे टक्के समजा. बऱ्याच लॅबच्या रिपोर्टवर तो क्रिएटिनिनच्या खालीच छापलेला असतो. नसेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या.

साधारण हिशेब असा:

- ईजीएफआर ३० च्या खाली गेला: किडनीच्या डॉक्टरांकडे, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्टकडे, नियमित जायलाच हवं. प्रत्यारोपणाचा विषय इथंच काढायचा.
- २० च्या आसपास: दाता शोधणं, मॅचिंग आणि कागदपत्रं सुरू.
- १० च्या आसपास, किंवा त्याआधीच मळमळ, भूक जाणं, सूज असा त्रास होऊ लागला तर: ऑपरेशन.

ईजीएफआर २० असताना कोणी ऑपरेशन करत नाही, कारण स्वतःची किडनी चालतेय तोवर ती वापरायची असते. त्यामुळे "एवढ्या लवकर काहून?" असं घरातलं कोणी म्हणालं तर सांगा की लवकर करायची आहे ती तयारी.

एक वही करा. डाव्या बाजूला तारीख, उजव्या बाजूला क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन, बीपी. आमच्या वहीत आकडे वर्षभर २२-२१-२० असे हळूहळू उतरत होते आणि मग दोन महिन्यांत एकदम १५ झाले. ती उतरण पाहूनच डॉक्टरांनी घाई केली. सुटे रिपोर्ट पिशवीत असते तर ती दिसली नसती.

२. विषय तुम्ही काढा

ओपीडीत दोन मिनिटं मिळतात. डॉक्टर बीपीची गोळी बदलतील, "पाणी मोजून प्या" म्हणतील आणि पुढचा नंबर बोलावतील. त्यांच्यावर राग धरून उपयोग नाही, बाहेर शंभर माणसं बसलेली असतात. तुम्हीच विचारायचं: "साहेब, डायलिसिस लागायच्या आधीच ट्रान्सप्लांट करता येईल का? घरात डोनर आहेत. आम्हाला ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरकडे पाठवा." प्रत्यारोपणाच्या तपासण्या आणि कागद जुळवून देणारा दवाखान्यातला माणूस तो को-ऑर्डिनेटर.

आम्हाला एका दवाखान्यात उत्तर मिळालं, "आधी डायलिसिस सुरू करा, मग बघू." का, ते कोणी सांगितलं नाही. कधी त्याला खरंच वैद्यकीय कारण असतं: हृदय अशक्त असणं, अंगात जंतुसंसर्ग असणं, टीबीचे उपचार चालू असणं. तसं असेल तर ऐका. कारणच सांगत नसतील तर जिथं प्रत्यारोपण होतं अशा दुसऱ्या ठिकाणी मत घ्या.

विदर्भात सरकारी म्हणाल तर नागपूर मेडिकलचं सुपर स्पेशालिटी हॉस्पिटल, नागपूरचं एम्स आणि अमरावतीचं सुपर स्पेशालिटी, म्हणजे विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय, इथं किडनी प्रत्यारोपण झालेली आहेत. वर्ध्याजवळ सावंगी मेघेचं आचार्य विनोबा भावे रुग्णालयही आहे. नागपुरात खाजगी दवाखाने बरेच आहेत. प्रत्यारोपणाची नोंदणी असलेल्या दवाखान्यातच हे ऑपरेशन करता येतं, म्हणून "नोंदणी चालू आहे ना, आणि सध्या ऑपरेशनं होताहेत ना?" हे दोन्ही विचारा.

मेंदूमृत पेशंटच्या किडनीसाठी नागपूरच्या झेडटीसीसीची, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राची, प्रतीक्षा यादी असते. त्या यादीत डायलिसिसवर किती काळ आहात याला गुण आहेत. त्यामुळे डायलिसिसच्या आधीच प्रत्यारोपण हवं असेल तर व्यवहारात घरातला जिवंत दाता हाच रस्ता उरतो.

३. या मधल्या काळात काय होऊ द्यायचं नाही

इथली एक चूक पुढचं सगळं बिघडवू शकते.

*रक्ताची पिशवी.* किडनीच्या पेशंटचं हिमोग्लोबिन उतरतंच. तालुक्याच्या दवाखान्यात लगेच म्हणतात, "एक पिशवी चढवून टाकू." दुसऱ्याचं रक्त अंगात गेलं की त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी, म्हणजे परक्या पेशींशी लढणारे घटक, तयार होऊ शकतात, आणि मग सख्ख्या भावाची किडनीसुद्धा क्रॉसमॅचला, म्हणजे दाता आणि पेशंटचं रक्त एकमेकांशी जुळवून पाहतात त्या तपासणीत, अडते. बहुतेक वेळा लोह आणि एरिथ्रोपोएटिनच्या इंजेक्शनांनी हिमोग्लोबिन वर येतं. जीव वाचवायलाच रक्त लागत असेल तर नाही म्हणू नका, पण "पेशंटचं ट्रान्सप्लांट करायचं आहे, ल्युकोरिड्यूस्ड, म्हणजे पांढऱ्या पेशी काढलेलं, रक्त मिळेल का?" असं विचारा आणि नेफ्रॉलॉजिस्टला फोन लावून द्या.

*हाताच्या शिरा.* ज्या हातानं कमी काम करतो, म्हणजे बहुतेकांचा डावा, त्या हाताच्या कोपराजवळ आणि मनगटाजवळ सलाइन-सुई लावू देऊ नका. ट्रान्सप्लांट वेळेत झालं नाही तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया लावायला शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, त्याच शिरांवर करायचा असतो. फिस्टुला पिकायला दीड-दोन महिने लागतात, म्हणून काही डॉक्टर तो आधीच करून ठेवा म्हणतात. ट्रान्सप्लांट रद्द झालं असा त्याचा अर्थ नाही. हाताशी दुसरी सोय असावी म्हणून तो असतो.

*अंगदुखीची गोळी.* वखरणी-निंदणीनंतर मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकसारखी गोळी, गावातल्या डॉक्टरचं 'दर्दचं इंजेक्शन', बाजारात पुडीत मिळणारी जडीबुटी आणि भस्म, हे सगळं बंद. उरलेली किडनी जितकी टिकेल तितका तुम्हाला वेळ.

*लसी.* हिपॅटायटिस बी ची लस किडनीच्या पेशंटला जास्त मात्रेत, सहा महिन्यांत चार वेळा देतात. डायलिसिसच्या आधी ती जास्त चांगली लागू पडते. न्यूमोनियाच्या लसीचंही विचारा. प्रत्यारोपणानंतर जिवंत जंतूंच्या लसी चालत नाहीत, म्हणून जे घ्यायचं ते आधी.

आणि एक उलट बाजूनं सांगते. "आम्हाला डायलिसिस नकोच" म्हणून हटून बसू नका. पोटॅशियम वाढलं, छातीत पाणी झालं, तर डायलिसिस त्याच दिवशी घ्यावं लागतं. न घेणारी माणसं दगावलेली मी पाहिली आहेत. दोन-चार डायलिसिस झाले म्हणून ट्रान्सप्लांटचा रस्ता बंद होत नाही.

४. घरात कोण देऊ शकतं

कायदा १९९४ चा आहे, २०११ मध्ये दुरुस्त झाला, नियम २०१४ चे. त्यात 'जवळचे नातेवाईक' म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, आजी-आजोबा आणि नातू-नात. एवढेच. आपल्याकडे मामा, मावशी, काका, आत्या, वहिनी, मेहुणा, चुलतभाऊ हे सगळे घरचेच, पण कायद्याच्या लेखी ते 'जवळचे' नाहीत. ते प्रेमापोटी देऊ शकतात, मात्र त्यांचं प्रकरण प्राधिकार समितीपुढं, म्हणजे अशा प्रत्यारोपणाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं, जातं. कागद जास्त, चौकशी जास्त, वेळ जास्त. म्हणून आधी जवळच्यांची यादी पूर्ण तपासा.

दाता १८ वर्षांच्या वरचा हवा. रक्तगट जुळायला हवा आणि हे रक्त देण्यासारखंच आहे: ओ गटाचा कोणालाही देऊ शकतो, एबी गटाचा कोणाकडूनही घेऊ शकतो. पॉझिटिव्ह-निगेटिव्ह किडनीसाठी पाहत नाहीत. आमच्या घरी "तिचा निगेटिव्ह आहे, जमणार नाही" म्हणून वहिनीचं नाव विनाकारण पहिल्याच दिवशी बाजूला पडलं होतं.

गट जुळत नसेल तर 'स्वॅप' विचारा. तुमच्यासारखंच अडलेलं दुसरं कुटुंब असतं. त्यांचा दाता तुमच्या पेशंटला आणि तुमचा दाता त्यांच्या पेशंटला. २०११ च्या दुरुस्तीनं हे कायदेशीर झालं आहे. को-ऑर्डिनेटरला म्हणा, "आमचं नाव स्वॅपसाठी लिहून ठेवा." गट न जुळताही प्रत्यारोपण होतं, पण त्याचा खर्च आणि औषधं दोन्ही जड पडतात.

नवरा बायकोला देणार असेल तर एक गोष्ट आधी माहीत असू द्या. बाळंतपणात बाईच्या अंगात नवऱ्याच्या बाजूच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात. म्हणून रक्तगट जुळला तरी क्रॉसमॅचचा निकाल येईपर्यंत नक्की धरू नका.

आता नाजूक भाग. आपल्या देशात किडनी देणाऱ्यांत बायाच जास्त आहेत. आई देते, बायको देते, बहीण देते, आणि पुरुषाचं नाव निघालं की "त्याच्यावर घर चालते" म्हणतात. घर तर बाईवरही चालतं! मी स्वतःहून दिली, मला पस्तावा नाही. पण आमच्या बैठकीत माझ्या मोठ्या भावाची तपासणी करायची गोष्ट मी बोलले तेव्हाच निघाली. तुमच्या घरी सगळ्यांची नावं एकाच वेळी कागदावर लिहा. देणाऱ्याला दवाखान्यात डॉक्टरांशी एकट्यानं बोलता येतं. मनातून नको असेल तर तिथं सांगा. ते बहुतेक 'वैद्यकीयदृष्ट्या योग्य नाही' एवढंच घरच्यांना कळवतात. अजून मूल व्हायचं असलेल्या मुलीनं हेही विचारावं, कारण किडनी दिल्यावर गरोदरपणात बीपी वाढण्याचा धोका थोडा जास्त असतो.

कोणी "नागपूरले माह्या ओळखीचा माणूस हाय, डोनर भेटून जाईल, चार-पाच लाख लागतीन" म्हणाला तर त्याचा चहाही पिऊ नका. किडनीच्या खरेदी-विक्रीला पाच ते दहा वर्षं कैद आणि २० लाखांपासून १ कोटीपर्यंत दंड आहे, आणि त्यात विकत घेणाराही येतो.

५. दात्याच्या तपासण्या

क्रम साधारण असा: रक्तगट, शुगर, बीपी, लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, कावीळ-एचआयव्ही, सोनोग्राफी. यात पास झालात तर एचएलए (दोघांच्या पेशींचा प्रकार किती जुळतो ते) आणि क्रॉसमॅच, डीटीपीए स्कॅन (दोन्ही किडन्या वेगवेगळ्या किती काम करतात ते) आणि शेवटी सीटी अँजिओग्राफी. सोबत छातीचा एक्स-रे, ईसीजी, इको, बायांची स्त्रीरोग तपासणी आणि मानसोपचारतज्ज्ञांची भेट. स्वस्त तपासण्या आधी, महाग शेवटी, हा क्रम सोडू नका. तीन दात्यांचं एचएलए एकदम करून घेतलं आणि मग एकाला शुगर निघाली, असा खर्च झालेले लोक मला भेटले आहेत.

विदर्भातल्या माणसानं सिकलसेल, म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, घरात असेल तर आवर्जून सांगावं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, नागपूर या पट्ट्यात वाहक बरेच आहेत. साध्या सोल्युबिलिटी टेस्टवरून वाहक की पेशंट ते कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस लागते. वाहक असाल तर त्याचा दात्याच्या किडनीवर काय परिणाम होईल ते डॉक्टर पाहतील. सिकलसेलचं कार्ड घरी ठेवून जाऊ नका. पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातून, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातून, अकोला-बुलढाणा-अमरावतीकडून येणाऱ्यांनीही घरात आणखी कोणाला किडनीचा त्रास आहे का ते स्पष्ट सांगावं. एकाच घरात दोघं-तिघं असतील तर दात्याची तपासणी जास्त खोलवर करावी लागते.

लोक विचारतात, "एक किडनी देल्यावर वावरात काम होते काय?" होतं. ऑपरेशन बहुतेक दुर्बिणीनं करतात, चार-पाच दिवसांत घरी सोडतात, दीड महिना जड उचलायचं नाही. उरलेली किडनी थोडी मोठी होऊन काम वाढवते. पण धोका शून्य आहे असं कोणी सांगितलं तर मानू नका. दात्याचा ऑपरेशनमुळे मृत्यू होण्याचं प्रमाण दहा हजारांत तीनच्या आसपास आहे, आणि देणाऱ्यानं हा आकडा ऐकूनच सही करावी.

६. कागदपत्रं: सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो

दाता आणि पेशंट दोघांचंही:

- आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, राशन कार्ड
- जन्म दाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला (टीसी)
- रहिवासी दाखला आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला
- नातं सांगणारा कागद: वंशावळ, किंवा तहसीलदार, उपविभागीय अधिकारी वा सरपंचाचा नात्याचा दाखला
- नवरा-बायको असतील तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र, लग्नातले आणि मुलाबाळांसोबतचे फोटो
- घरातल्यांचे जुने एकत्र फोटो
- पासपोर्ट साइज फोटो, भरपूर
- नोटरी केलेली प्रतिज्ञापत्रं (मजकूर दवाखाना देतो, स्वतःच्या मनानं लिहून आणू नका)

कायद्यातले फॉर्मही दवाखानाच देतो. जवळचा नातेवाईक असेल तर फॉर्म १, नवरा-बायकोला फॉर्म २, इतरांना फॉर्म ३, आणि दाता-पेशंटचा एकत्र अर्ज फॉर्म ११.

आता कुठं अडतं ते सांगते.

*लग्नानंतरचं नाव.* माझ्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि बँकेत तिसरंच, कारण तिथं कारकुनानं वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आणि आडनाव माहेरचं ठेवलं होतं. 'या तिन्ही नावांची बाई मीच' असं प्रतिज्ञापत्र लागतं, सोबत विवाह प्रमाणपत्र. काही ठिकाणी राजपत्रातली नावबदलाची जाहिरातही मागतात. लग्नाची नोंद केलेली नसेल तर ग्रामपंचायतीत होते, उशिराचं शुल्क भरावं लागतं. नागपूरच्या चकरा सुरू व्हायच्या आधी हे करून ठेवा.

*१ जून.* आमच्या पिढीत निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण पहिलीत नाव घालताना गुरुजी तीच तारीख टाकायचे. माझी १ जून. भावाची मात्र त्याच्या वेळच्या बाईंनी पुढच्या वर्षीची १० जानेवारी लिहिली. म्हणजे कागदावर आम्हा सख्ख्या बहीणभावांत सात महिन्यांचं अंतर! को-ऑर्डिनेटर मॅडमनी फाइल चाळली, दोन्ही टीसी शेजारीशेजारी ठेवल्या आणि पेनानं दोन्ही तारखांखाली रेघ ओढली. "हे कमिटीत चालणार नाही ताई." मग ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीचा उतारा काढला, आईचं प्रतिज्ञापत्र केलं, आणि एचएलएच्या रिपोर्टनं उरलेलं काम झालं. कागद अगदीच जुळत नसतील तर डीएनए तपासणीनं नातं सिद्ध करता येतं. तुमच्याही टीसी आजच काढून शेजारीशेजारी ठेवून पाहा.

*नवऱ्याची संमती.* लग्न झालेली बहीण किंवा मुलगी देत असेल तर बहुतेक दवाखाने तिच्या नवऱ्याची, आणि दाता पुरुष असेल तर बायकोची, लेखी संमती मागतात आणि मुलाखतीलाही बोलावतात. सासरी हा विषय फाइल बनल्यावर नाही, आधी काढा.

*राज्याची हद्द.* आपल्या सोयरिकी छिंदवाडा, बालाघाट, बैतूल, आदिलाबाद, राजनांदगावपर्यंत असतात. दाता तिकडचा असेल तर तिथल्या तहसीलदाराकडून रहिवासाची पडताळणी लागू शकते. हे काम फोनवर होत नाही, तिकडचा कोणीतरी पळणारा माणूस हवा.

सगळ्याचे तीन संच करा, मूळ कागद वेगळ्या पाकिटात ठेवा आणि प्रत्येक कागदाचा फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवा. सेतू केंद्रावर दाखला काढताना नावाचं स्पेलिंग आधार समोर धरून तपासा. तिथंच दुरुस्त होतं, नंतर परत पूर्ण अर्ज.

७. मुलाखत

जवळच्या नातेवाइकाचं प्रकरण असलं तरी दोघांना बोलावून विचारतात आणि त्याचं व्हिडिओ चित्रीकरण होतं. घाबरण्यासारखं काही नसतं. कोणाला देताय, का देताय, कोणी पैसे देतो म्हणालं का, ऑपरेशनचा धोका कळला का, घरी कोण-कोण आहे. बाई दाता असेल तर तिची संमती खरी आहे का हे जास्त काळजीनं पाहायचं असं नियमातच आहे, म्हणून तिला वेगळं बसवून विचारतात. माझ्यासमोर एका काकूंचं उत्तर त्यांचा मुलगाच द्यायला लागला, तर त्याला बाहेर पाठवलं. वऱ्हाडीत बोललात तरी चालतं. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात.

८. पैसा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किडनी प्रत्यारोपण आहे. आधी त्यासाठी अडीच लाखांची मर्यादा होती. २०२३ च्या निर्णयात ती साडेचार लाख झाली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आलं. दवाखान्यात 'आरोग्यमित्र' बसतो, त्याच्याकडे राशन कार्ड आणि आधार घेऊन जा. हेल्पलाइन १५५३८८ आणि १८००२३३२२००.

दारावर योजनेचा फलक आहे म्हणजे ट्रान्सप्लांट योजनेत होतंच असं नाही. आरोग्यमित्राला सरळ तीन प्रश्न विचारा: या दवाखान्यात किडनी प्रत्यारोपण योजनेत होतं का? दात्याचं ऑपरेशन आणि भरतीपूर्वीच्या तपासण्या त्यात धरतात का? घरी सोडल्यावरची औषधं किती दिवस मिळतात? उत्तरं वहीत लिहून घ्या, सांगणाऱ्याच्या नावासकट.

कमी पडलेल्यासाठी मुख्यमंत्री सहाय्यता निधी आहे. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला, डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, रिपोर्ट, आधार, राशन कार्ड लागतं, आणि प्रत्यारोपणाला झेडटीसीसीच्या नोंदणीची पावतीही मागतात. आता जिल्हाधिकारी कार्यालयातही या निधीचा कक्ष असतो, मुंबईला जायची गरज नाही. अर्ज ऑपरेशनच्या आधी करा. धर्मादाय दवाखाना असेल तर निर्धन आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटांचं तिथल्या समाजसेवकाला विचारा. रेल्वेत किडनीच्या पेशंटला आणि सोबतच्या एका माणसाला तिकिटात सवलत आहे, फॉर्मवर डॉक्टरांची सही लागते.

योजनेत न बसणारा खर्च मोठा असतो: दात्याच्या तपासण्या, येणं-जाणं, नागपुरातली खोली आणि पुढची आयुष्यभराची औषधं. औषधांचे महिन्याला काही हजार धरूनच हिशेब करा. वावर विकून ऑपरेशन केलं आणि सहा महिन्यांनी गोळ्यांना पैसे नाहीत म्हणून किडनी गेली, असं होतं. त्यापेक्षा वावर ठेवा.

९. तारीख आणि नंतरचे तीन महिने

डॉक्टरांनी मुभा दिली तरच हंगाम पाहा. दात्याला दीड महिना जड काम नको, म्हणून पेरणी आणि कापूस वेचणीच्या मधली तारीख आम्हाला सोयीची पडली. पण "कापूस विकला की करू" म्हणत ईजीएफआर ७ वर नेऊ नका. मे महिन्यातली तारीख आली तर खोलीत कूलर हवाच. ४५ डिग्रीत पाणी कमी पडणं दोघांच्याही किडनीला वाईट.

नवीन किडनी पोटाच्या खालच्या बाजूला बसवतात, जुन्या बहुतेक तिथंच राहू देतात. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा रक्त तपासायला जावं लागतं, म्हणून गाव लांब असेल तर दोन-तीन महिने दवाखान्याजवळ खोली घ्या. स्वतंत्र संडास-बाथरूम असलेली.

टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन ही नावं पाठ होतील. शरीरानं नवीन किडनी नाकारू नये म्हणून ही औषधं असतात. टॅक्रोलिमस घड्याळ लावून बारा-बारा तासांनी. तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यावर, कारण त्यात औषधाची पातळी पाहतात. कंपनी स्वस्त मिळते म्हणून मेडिकलवाल्यानं बदलली तर घेऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा. पपनस या औषधाबरोबर नको. आपल्या संत्र्याचं विचाराल, तर पोटॅशियम नीट असेल तेव्हा डॉक्टर हो म्हणतात. भावानं तो प्रश्न पहिल्याच तपासणीत विचारला होता.

गावी परतल्यावर गोठा, शेणखत, कुटाराची धूळ आणि फवारणी यांपासून पेशंटला लांब ठेवा. पाणी उकळून, उघड्यावरचं आणि कच्चं काही नाही. ताप आला तर गावात गोळी-इंजेक्शन न घेता आधी ट्रान्सप्लांटच्या दवाखान्यात फोन.

दात्याकडे मात्र पंधरा दिवसांनी कोणी पाहत नाही. सगळं लक्ष पेशंटकडे. दात्यानं वर्षातून एकदा बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासायचं, तेही जन्मभर, आणि दर्दच्या गोळ्या त्यालाही बंद. मी दरवर्षी दिवाळी झाली की करते. भावाच्या तपासणीच्या दिवशीच त्याच्यासोबत माझंही रक्त देते, म्हणजे नागपूरची वेगळी चक्कर होत नाही.